घणबाईच्या शेडमधले माहितीपट

आमच्या आळीत शांततेवरचे माहितीपट जिने दाखवायला सुरुवात केली, ती बाई स्वतः कधी शांत बसलेली कुणी पाहिली नव्हती. राग तिच्या नाकावर नव्हे, हातात असायचा. माझं केस कापायचं दुकान तिच्या शेडच्या बरोबर समोर. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून आरशात पाहिलं की ती दिसायची, पाय फाकवून उभी, घण डोक्याच्या वर. नवरा वेल्डिंग करायचा आणि ती घण मारायची, म्हणून तिचं नाव घणबाई. बापानं ठेवलेलं नाव लग्नानंतर कुणी विचारलंही नाही.

बापाची गोष्ट तिनंच एकदा सांगितली होती. तो लोहार. बायकोला मारायचं तर त्याला काही निमित्त लागायचं नाही. ही अजून पोरवयातच होती, तेव्हा एका दुपारी त्यानं बायकोचे केस धरून तिचं डोकं ऐरणीवर दाबलं आणि दुसऱ्या हातानं हातोडा उचलला. हिनं निखाऱ्यात पडलेली सांडशी काढली आणि त्याच तापलेल्या सांडशीनं बापाचं हातोड्याचं मनगट धरलं. चामडी चरचरली. बाप बोंबलला.

"तू तिला सोड, मी तुला सोडते," ही म्हणाली.

त्यानं सोडलं, मग हिनं सोडलं. "त्यानंतर आमच्या घरात फक्त लोखंडालाच मार बसला," असं ती हसत सांगायची. ऐकणाऱ्याला मात्र हसू यायचं नाही.

नवरा नेमका उलटा मिळाला. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. मिस्त्री म्हणजे गरीब गाय. बायको कुणाशी भांडायला लागली की तो चष्मा पुसत बसायचा. त्याच्याबरोबर त्याची आई राहायची आणि धाकटा भाऊ. हा धाकटा अंगानं रेड्यासारखा आणि कामाला चोर. दिवसभर नाक्यावर उभा राहून धर्म कसा धोक्यात आहे ते सांगायचा. घणबाई म्हणायची, "भावजी, धर्म राहू दे, आधी तो गज उचल. तो कधीचा धोक्यात पडलाय."

आमची आळी उतारावरची. वरच्या अंगाला एका धर्माची वस्ती, खालच्या अंगाला दुसऱ्या धर्माची, मधे शेड आणि माझं दुकान. आम्ही दोघं वरच्यांपैकी. पण केस दोन्हीकडे वाढतात आणि फाटकं दोन्हीकडे मोडतात, त्यामुळे आमचं सगळ्यांशी बरं होतं.

मग एका वर्षी कुठूनशी अफवा आली आणि भरदुपारी वरची माणसं खाली धावली. घणबाई आणि मिस्त्री त्या दिवशी दूरच्या एका कारखान्यात फाटक बसवायला गेले होते. मी दुकानाचं दार आतून लावून खुर्चीमागे बसलो होतो. फटीतून दिसलं ते सांगतो. शेडचं कुलूप कुणी तोडलं नाही. धाकट्यानं किल्लीनं उघडलं. आत जाऊन त्यानं गजांचा भारा बाहेर काढला आणि प्रसाद वाटावा तसे एकेकाच्या हातात गज दिले.

खालच्या अंगाला पहिलंच दुकान पाववाल्याचं. तो पळाला नाही. त्याला वाटलं, रोज आपल्याकडून पाव नेणारी माणसं आपल्याला काय करणार? पायरीवर उभं राहून तो नावानं हाका मारत होता, "अरे, तू पण? अरे, तू?" पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तो पडल्यावरही ते थांबले नाहीत. गज हाडावर पडल्याचा आवाज लोखंडावर पडल्यासारखा नसतो. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा असतो. तो माझ्या कानातून आजही जात नाही.

घणबाई परतली तेव्हा रस्ता सुनसान होता. पाववाल्याची बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डोकं म्हणायचं इतकंच, आकार उरला नव्हता. शेजारी फाटकासाठी पीळ देऊन ठेवलेला एक गज पडला होता. घणबाईनं तो उचलला. ती डावरी. तिचा पीळ उलटा पडायचा, आख्ख्या गावात तसा दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिनं गजाकडं पाहिलं, मग पाववालीकडं.

घरी धाकटा जेवत होता.

"कुलूप कुणी उघडलं?"

"वहिनी, देवाचं काम होतं," तो म्हणाला. "लोखंड पवित्र झालं तुझं."

तिनं त्याला ताटावरून ओढलं आणि तोंडावर अशी एक ठेवून दिली की पुढचे दोन दात घासाबरोबर बाहेर आले. तो उलटून अंगावर आला. दोघं भिंतीवर आदळले, मांडणी खाली आली. सासू मधे पडून किंचाळत होती, मिस्त्री दारात चष्मा पुसत उभा होता. शेवटी आम्ही शेजाऱ्यांनी त्यांना सोडवलं.

दुसऱ्या दिवशी ती गज घेऊन पोलीस ठाण्यात गेली. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे गज तुझा, शेड तुझी, कुलूप तुझं. मग बाई, आरोपी कोण झालं?" मिस्त्रीनं तिला हाताला धरून बाहेर आणलं. ठाण्याच्या पायरीवर ती त्याला म्हणाली, "तुमच्या भावानं खून केला आणि तुम्ही माझा हात धरताय?" त्यावर मिस्त्री जे बोलला ते मला त्यानंच पुढे सांगितलं. तो म्हणाला, "मला भीती वाटते गं. मी तुझ्यासारखा नाही." धाकट्यानं त्याच आठवड्यात वेगळी खोली घेतली. पाववाल्याच्या खुनाचं पुढे काहीच झालं नाही. कुणीच काही पाहिलं नव्हतं म्हणे.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरीण आल्या. त्या खालच्या अंगाच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू पण जिभेनं खणखणीत. त्या गावोगावचे माहितीपट मिळवून लोकांना दाखवायच्या. खरी माणसं, खऱ्या घटना. कुठं दोन धर्मांच्या लोकांनी मिळून विहीर खणली, कुठं गटारात उतरणाऱ्या कामगारांनी संप केला, कुठं दंगलीत मुलं गमावलेल्या आया एकत्र आल्या. दंगलीनंतर त्यांना कुणी जागा देईना. शाळेनं नाही म्हटलं, वाचनालयानं नाही म्हटलं.

"तुझी शेड मोठी आहे," त्या घणबाईला म्हणाल्या. "शटर ओढलं की अंधार होतो. रविवारी दुपारी दोन तास दे."

"भाषण असेल तर नको, बाई. मला झोप येते."

"भाषण नाही. चित्रपट बघायचा आणि मग बोलायचं."

"बोलायला लागले की मारामारी होईल."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

घणबाई खो खो हसली. तिनं मागच्या भिंतीपाशी एक पत्रा उभा केला, त्याला पांढरा रंग मारला, झाला पडदा.

पहिल्या रविवारी शेडच्या डाव्या बाजूला वरचे बसले, उजव्या बाजूला खालचे, मधे माणूस झोपेल एवढी रिकामी जागा. चित्रपट दोन आयांचा होता. एकीच्या मुलाला दुसरीच्या मुलानं मारलेलं, आणि त्या दुसऱ्याला पहिलीच्या भावांनी. दोघी एका बाकावर बसून बोलतात, एवढंच. दिवे लागल्यावर वरचा एक जण उठला आणि म्हणाला, "सुरुवात कुणी केली ते दाखवलंच नाही." खालच्या एकानं खुर्ची फेकली. ती एका म्हाताऱ्याच्या कपाळाला लागली, रक्त आलं. लगेच दहा-पंधरा जण एकमेकांच्या अंगावर. घणबाईनं घण उचलला आणि ऐरणीवर आपटला. कानठळ्या बसल्या.

"तोंडानं काय ओकायचं ते ओका," ती म्हणाली. "पण इथं हात उचलायचा मान फक्त माझा. खुर्ची कुणी फेकली? इकडे ये. त्या आजोबांचं कपाळ पूस."

त्यानं पुसलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, आणि आजोबाही पट्टी बांधून आले. हळूहळू लोकांना सवय लागली. भांडणं झाली, पण तोंडाची. पाववाली यायची, शेवटच्या रांगेत बसायची, बोलायची नाही. मिस्त्री तिच्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि नजर न उचलता परत फिरायचा.

एकदा चित्रपट संपल्यावर तो आपणहून उभा राहिला. चष्मा पुसत म्हणाला, "कुलूप माझ्या भावानं उघडलं. किल्ली त्यानं माझ्या खिशातून घेतली होती. मी उद्या ठाण्यात लिहून देणार आहे." घणबाई त्याच्याकडं अशी बघत राहिली, जणू हा माणूस तिनं आजच पाहिला. त्यानं दिलंही लिहून. साहेब बदलला होता, त्यानं घेतलं आणि पाववाल्याच्या खुनाची चौकशी पुन्हा सुरू केली.

आणि मग धाकट्याच्या टोळक्यानं आमच्यावर दात धरला. शेडच्या पत्र्यावर दगड पडायला लागले. एका सकाळी दारात गळा चिरलेलं कुत्रं लटकलेलं होतं. मास्तरीणबाईंना रस्त्यात ढकललं, त्यांचा हात मोडला. सासू रोज रडायची, "बंद कर गं हे! माझी दोन्ही लेकरं एकमेकांच्या मुळावर आलीत." घणबाई म्हणायची, "आई, मुळावर आलंय ते कोण, ते त्याला जाऊन विचारा." कुत्रं तिनं मागच्या अंगणात पुरलं, आणि रविवारी शटर ओढलं.

त्या रविवारी शेड भरलेली होती. चित्रपट अर्ध्यावर आला असेल, पडदा एकदम काळा झाला. वीज गेली असं वाटून लोक कुरकुरले. मग शटरच्या पलीकडून साखळीचा खळखळाट आला. मग वास. पेट्रोलचा. शटरखालच्या फटीतून पिवळा उजेड आत सरकला आणि पाठोपाठ जळत्या टायरचा काळा धूर. बाहेर कुणीतरी ओरडत होतं, "बघा आता शेवटचा खेळ!" तो आवाज धाकट्याचा होता. आईचं दूध प्यायलेला माणूस सख्ख्या भावाला आत ठेवून ओरडत होता.

लोक शटरवर धावून गेले. पत्रा इतका तापला होता की हात लावणाऱ्याची कातडी तिथंच राहिली. कुणी पडलं, कुणी त्याच्यावरून गेलं. माझ्या पायाखाली कुणाची तरी बोटं आली, ती किंकाळी मी ऐकली. मागच्या भिंतीला एक खिडकी होती. तिला घणबाईनंच जाड चौकोनी गजांची जाळी ठोकली होती, चोर येऊ नयेत म्हणून.

"अहो, गॅस कटर!" ती ओरडली.

मिस्त्रीनं गॅस आणि ऑक्सिजन अशा दोन सिलिंडरची गाडी ओढली. वाटेत खुर्च्या, माणसं. गाडी अडकली. नळी खिडकीपर्यंत पुरेना. तेव्हा त्या गरीब गायीनं लोखंडाचं ते धूड छातीशी कवटाळलं आणि फरफटत नेलं. घणबाईनं ज्योत पेटवली. काळा चष्मा शोधायला वेळ नव्हता. तशीच उघड्या डोळ्यांनी गज कापायला लागली. ठिणग्या तिच्या तोंडावर, केसांत उडत होत्या. एक डोळ्यात गेली. ती ओरडली, पण हात हलला नाही. पहिला गज तुटला, दुसरा तुटला. लाल झालेल्या टोकांवर पाववालीनं आपली शाल पिण्याच्या पाण्यात बुडवून टाकली आणि ती स्वतःच्या हातांनी दाबून धरली. तिच्या तळव्यांवर ते चट्टे अजून आहेत.

"पोरं आधी!" घणबाई ओरडली.

पोरं गेली, बायका गेल्या. मग बाहेरून ओरडा आला. मागच्या बोळात टोळक्यातले तिघं-चौघं काठ्या घेऊन उभे होते आणि बाहेर पडणाऱ्याला झोडपत होते. घणबाईनं कटर मिस्त्रीच्या हातात दिला, घण घेतला आणि स्वतः खिडकीतून उडी मारली. मी तिच्या मागोमाग बाहेर पडलो. मी पाहिलं ते असं: एका डोळ्यातून रक्त वाहतंय, केस जळालेत, आणि ही बाई घण फिरवतेय. पहिल्याची काठी हातासकट मोडली. दुसरा पळाला. तिसरा धाकटा होता. त्यानं तिच्या पाठीत काठी घातली, ती गुडघ्यावर आली आणि तिथूनच तिनं घण आडवा फिरवला. त्याचा गुडघा उलट्या बाजूला वाकला. तो गुरासारखा हंबरत पडला.

आतून मिस्त्रीनं गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या मास्तरीणबाईंना ढकलून खिडकीवर चढवलं. आम्ही त्यांना ओढून घेतलं. त्याच शेवटच्या.

"या आता!" घणबाई ओरडली.

"सिलिंडर बंद करतो," आतून त्याचा आवाज आला. "नाहीतर फुटेल, सगळे इथंच आहेत."

आम्हाला दोन्ही चाव्या फिरल्याचा आवाज आला नाही, पण त्या फिरल्या होत्या. सिलिंडर फुटला नाही. छप्पर पडलं. वासे आणि जळते पत्रे एकदमच खाली आले. खिडकीतून ज्वाळा आमच्या तोंडावर आली. घणबाई पुन्हा खिडकीत चढायला लागली. तिला आम्ही पाच जणांनी खाली पाडून धरलं. तिनं माझ्या हाताचा लचका तोडला, तरी मी सोडलं नाही.

मिस्त्रीला बाहेर काढलं तेव्हा एक हात सिलिंडरच्या मानेवर होता.

खटला लांबला. त्या काळात सासू सुनेच्या पाया पडली. "एक गेला. दुसऱ्याला तरी माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. तू आवाज ओळखला नाहीस म्हण. धुरात काही दिसलं नाही म्हण."

घणबाईनं तिला उठवून बसवलं. म्हणाली, "आई, तुमचा मोठा मुलगा भित्रा होता. आयुष्यभर भ्यायला. तरी एक दिवस उभा राहून खरं बोलला. मी खोटं बोलले तर तो पुन्हा मेला."

कोर्टात धाकट्याचा वकील चांगला तयारीचा होता. "बाई, तुम्ही शांततेचे चित्रपट दाखवता ना? आणि दिराचा गुडघा घणानं फोडता? हे खरं आहे का?"

"खरं आहे," ती म्हणाली. "पण मी गुडघ्यावर नेम धरला नव्हता. डोक्यावर धरला होता. डोळ्यात रक्त होतं म्हणून चुकला."

कोर्टात कुजबूज झाली. आमचा वकील कपाळाला हात लावून बसला. पण न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून तिच्याकडं पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना कळलं की ही बाई कशालाच खोटं बोलणार नाही. पाववालीनंही साक्ष दिली, पहिल्यांदाच. नवऱ्यानं मरताना ज्यांना हाका मारल्या होत्या, ती सगळी नावं तिनं सांगितली. मीही फटीतून पाहिलेलं सांगितलं. धाकट्याला मोठी शिक्षा झाली. त्याच्याबरोबरचे अर्धे सुटले, आणि आजही माझ्याकडे दाढी करायला येतात. वस्तरा त्यांच्या गळ्यावर असतो तेव्हा ते डोळे मिटत नाहीत.

सासू जाणार कुठं? ती सुनेजवळच राहिली. दोघी एका चुलीवर जेवायच्या आणि जेवढ्यास तेवढं बोलायच्या. "मीठ दे", "दार लाव", बस्स. शेड पुन्हा बांधली, पण नव्या शेडला तीनच भिंती. चौथी बाजू उघडी, आणि शटर तर नाहीच. अंधार हवा म्हणून माहितीपट आता दिवेलागणीला सुरू होतात. घणबाईचा डावा डोळा गेला. ती म्हणते, "मला अर्धं तिकीट लावा." वरचे आणि खालचे अजून दोन बाजूंनाच बसतात, खोटं कशाला सांगू. पण मधली जागा आता रिकामी नसते. तिथं पोरं बसतात आणि मास्तरीणबाई त्यांना गप्प करतात.

धाकटा सुटून आला तो गेल्या वर्षी. केस पांढरे, एक पाय ओढत चालणारा. त्या संध्याकाळी चित्रपट चालू होता आणि तो उघड्या बाजूला, उजेडाच्या कडेवर येऊन उभा राहिला. आधी एकानं पाहिलं, मग सगळ्यांनी. खुर्च्या सरकल्या. खालच्या अंगाचे तरुण उठले, वरचेही उठले. आता याचे तुकडे होणार, असं मला वाटलं.

सगळ्यांच्या आधी पाववाली त्याच्यापर्यंत पोचली. तिनं त्याच्या कानाखाली मारली. पुन्हा मारली. उलट्या हातानं, सुलट्या हातानं, भाजलेल्या त्या तळव्यांनी मारत राहिली. त्याचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. त्यानं हात वर केला नाही. लोक घणबाईकडं बघत होते, कारण हात उचलायचा नाही हा तिचाच नियम. ती जागची हलली नाही. पाववालीला धाप लागली तेव्हा कुठं घणबाई उठली, तिच्या खांद्याला धरून म्हणाली, "पुरे. हात सुजेल तुझा."

"वहिनी..." धाकटा म्हणाला.

"माझ्याशी बोलू नकोस," घणबाई म्हणाली. "ज्याच्याशी बोलायला हवं होतं तो नाही. बसायचं तर बस, जायचं तर जा. तुला कुणी हात लावणार नाही, ते मी बघते."

तो पाय ओढत उतारावरून निघाला. सासू पुढच्या रांगेत बसली होती. ती काठी टेकत उठली आणि त्याच्या मागं गेली. कुणी अडवलं नाही. पडद्यावर एक म्हातारा कोळी, बुडालेल्या परधर्मी माणसांना आपल्या आवारात का पुरलं, ते सांगत होता.

बऱ्याच वेळानं सासू एकटीच परत आली. डोळे सुजलेले होते. आपल्या खुर्चीवर बसली, काठी मांडीवर आडवी घेतली, आणि पडदा नीट दिसेना म्हणून सुनेकडं वाकली.

"मधे काय झालं गं?" तिनं विचारलं.

घणबाई तिच्या कानाला लागली आणि हलक्या आवाजात कोळ्याची गोष्ट सांगायला लागली.